बेळगाव–निपाणीचा जलाशयपट्टा

कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्याचा पश्चिम व उत्तर भाग आणि त्याला खेटून असलेला कोल्हापूर जिल्ह्याचा चंदगड तालुका, एवढ्या टापूतली धरणे, तलाव आणि धबधबे यांचा हा प्रदेश. सरकारदप्तरी त्याला असे एक नाव नाही. बेळगावात रविवारच्या सहलीचा विषय निघाला, की मात्र राकसकोप, किटवाड, हिडकल, गोकाक, तिलारी ही नावे एका दमात घेतली जातात आणि त्यांतली कोणती कुठल्या राज्यात, याचा विचार कोणी करत नाही. पाण्यानेही तो केलेला नाही. घटप्रभा सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते, चंदगड तालुक्यातून कर्नाटकात शिरते आणि पुढे कृष्णेला मिळते. हिरण्यकेशी आंबोलीच्या गुहेतून निघते आणि आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेत येते. वेदगंगा आणि दूधगंगा निपाणीच्या अंगाने वाहतात. मार्कंडेय नदी बेळगावच्या पश्चिमेच्या डोंगरातून निघून शहराच्या उत्तरेने जाते आणि गोकाकजवळ घटप्रभेत विरते.

हा टापू समजून घ्यायचा तर पावसाचा हिशेब आधी पाहावा. आंबोलीला वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बेळगाव शहरात तेराशेच्या आसपास आणि गोकाकला सहाशेच्या आतबाहेर. ही तिन्ही ठिकाणे दीडशे किलोमीटरच्या आत आहेत. सकाळी भाताच्या चिखलातून निघालेला माणूस दुपारी जेवायला ज्वारीच्या काळ्या रानात पोहोचतो. पश्चिमेला तांदळाची भाकरी, नाचणी, रताळी आणि काजू. पूर्वेला ज्वारी, शेंगदाणा, जवस आणि कारळे. मध्ये दोन्हींची सरमिसळ. धरणे बांधली गेली तीही याच कारणाने, पश्चिमेचे जास्तीचे पाणी अडवून पूर्वेला द्यायला. त्यामुळे इथला एकही मोठा जलाशय पर्यटनासाठी बांधलेला नाही. कुठे शहराला पाणी जाते, कुठे उसाला, कुठे वीजघराला. हौशी प्रवासी इथे पाटबंधारे आणि पाणीपुरवठा खात्यांचा पाहुणा असतो.

राकसकोप हे बेळगावकरांच्या सर्वांत जिव्हाळ्याचे. शहराच्या पश्चिमेला पंधरा-सोळा किलोमीटरवर मार्कंडेय नदी अडवून हा जलाशय केला आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून बेळगावच्या नळांना इथले पाणी येते. त्याआधी हे विहिरींचे गाव होते. जुन्या वाड्यांच्या परसात, पेठांच्या चौकात, देवळांच्या आवारात विहिरी होत्या आणि त्यांतल्या कित्येक आजही पाण्याने भरलेल्या आहेत. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते ते काँग्रेसचे एकमेव अधिवेशन डिसेंबर १९२४मध्ये बेळगावात भरले. त्यासाठी टिळकवाडीच्या बाजूला मुद्दाम विहीर खणून तिला ‘पंपा सरोवर’ असे भारदस्त नाव देण्यात आले. लोक तिला काँग्रेस विहीर म्हणतात. शहर वाढले तशा विहिरी अपुऱ्या पडल्या आणि राकसकोप आले. पुढे तेही अपुरे पडले आणि हिडकलचे पाणी आणावे लागले.

जलाशयाची पूर्ण पातळी २,४७५ फूट. हा आकडा बेळगावात शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो, कारण जून-जुलैत स्थानिक वर्तमानपत्रे रोज पातळीची बातमी देतात. मृगात आकडा तळाशी असतो, आर्द्रात फुटाफुटाने चढतो आणि साधारण जुलैत कधीतरी ‘राकसकोप भरले’ असा मथळा येतो. मग शहर निर्धास्त होते आणि मोटारसायकली पश्चिमेकडे वळतात. हिंडलगा सोडले, की रस्ता बेळगुंदी, बिजगर्णीच्या शिवारातून जातो. दोन्ही बाजूंना तांबडी माती, भाताच्या खाचरांचे बांध, मध्येच काजूची झाडे, आणि डोक्यावर इरल्याऐवजी आता प्लास्टिकची खोळ घेतलेल्या रोप लावणाऱ्या बायका. जलाशयापलीकडचे तुडये गाव चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. पाण्याच्या या काठावर कर्नाटक आणि त्या काठाला महाराष्ट्र, अशी ही जागा आहे. काठावर बसून डबा खाणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

इथे नौकाविहार नाही, पोहायला परवानगी नाही आणि असूही नये. पाच-सहा लाख वस्तीचे शहर हे पाणी पिते. धरणाच्या भिंतीवर जाऊ देणे न देणे खात्याच्या हाती असते. ज्याला पाय मोकळे करायचे आहेत, त्याने आजूबाजूच्या गावांतून सायकल काढावी. बेळगुंदी, उचगाव, कुद्रेमानी, तुडये असा चढउताराचा फेरा एका सकाळीत होतो. वाटेतली ही गावे दिसायला साधी असली तरी त्यांतल्या बऱ्याच गावांत ग्रामीण मराठी साहित्य संमेलने भरतात. उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमानी, येळ्ळूर आणि मार्कंडेयच्या काठचे कडोली यांची संमेलने सीमाभागात नावाजलेली आहेत. ग्रंथदिंडीत लेझीम असते, मांडवात कथाकथन असते आणि दुपारी सगळ्या गावाची पंगत उठते.

या भागाचे खास पीक रताळे. पावसाळ्याच्या तोंडाशी तांबड्या मातीत सरी-वरंबे धरून वेल लावतात आणि नवरात्राच्या सुमारास काढणी सुरू होते. बेळगावच्या बाजार समितीच्या आवारात तेव्हा पोत्यांच्या थप्प्या लागतात. माल गोव्याला जातो, मुंबईला जातो, पार दिल्लीपर्यंत जातो, कारण आषाढीपासून महाशिवरात्रीपर्यंतचे सगळ्या देशाचे उपास रताळ्यावर निघतात. शेतकऱ्याच्या घरी मात्र ते उपासाचा पदार्थ म्हणून कोणी मोजत नाही. चुलीच्या निखाऱ्यात पुरून भाजलेले रताळे सोलून, वर मिठाची चिमूट किंवा गुळाचा खडा, असे ते न्याहारीला चालते. काढणीच्या दिवसांत बांधावर थांबून कोणी भाव विचारला, तर विकत देण्याआधी हातावर एक भाजलेले ठेवण्याची रीत अजून मोडलेली नाही.

भाताचे नाव काढले, की बेळगावकर ‘बेळगाव बासमती’चा विषय काढणारच. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात हा सुवासिक तांदूळ पिकत आला आहे. जुनी माणसे सांगतात, की पूर्वी एका घरात भात शिजला तर शेजाऱ्याला कळत असे. भरघोस उताऱ्याच्या वाणांनी आणि वाढत्या शहराने त्या शिवाराचा पुष्कळ भाग घेतला. येळ्ळूरचा राजहंसगड या शिवारावरच उभा आहे. गड लहान, चढण सोपी, वर गाडीरस्ता. पण पावसाळ्यात तटावरून पाहिलेला भातखाचरांचा हिरवा पसारा आणि मागे दिसणारे शहर यांसाठी तो चढावाच. शिवाजी महाराजांच्या तिथल्या भव्य पुतळ्याचे मार्च २०२३मध्ये चार दिवसांच्या आत दोन वेगवेगळ्या पक्षांनी दोनदा अनावरण केले. निवडणुका तोंडावर होत्या, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

शहरातल्या तळ्याचे नाव किल्ला तलाव. रट्टांच्या काळात, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला उभ्या राहिलेल्या किल्ल्यासमोर ते पसरले आहे. किल्ल्यात १२०४ सालची कमलबस्ती हे जैन मंदिर आहे. त्याच्या छताला लोंबणारे दगडी कमळ पाहायला मान दुखेपर्यंत वर बघत राहावे लागते. तलावाकाठी बाग आणि फिरायची वाट आहे. २०१८मध्ये ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभारल्यापासून तळे दुरूनही ओळखू येते. संध्याकाळी काठाला कणसे, भेळ आणि मिरची भजी यांच्या गाड्या लागतात. निसर्ग शोधायला कोणी इथे येऊ नये. गाव कसे हवा खाते ते मात्र इथे दिसते.

बेळगावच्या खाण्याची खरी शान गोडात आहे. कुंदा हा त्यातला सर्वश्रुत. दूध आटवत आणायचे, थोडे दही घालून ते रवाळ करायचे, साखर घालून तपकिरी रंग येईपर्यंत मंद आचेवर हलवत राहायचे. चुलीवर विसरलेल्या दुधातून तो जन्मला, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, चांगल्या कुंद्याला किंचित करपटपणाची जी चव असते तिला ती शोभते. रेल्वेने बेळगाव सोडणाऱ्या माणसाच्या हातात कुंद्याचा पुडा नसेल, तर तो बेळगावचा पाहुणा नव्हता असे खुशाल समजावे.

त्याहून अवघड आणि म्हणूनच पाहण्यासारखे काम मांड्यांचे. बारीक गव्हाच्या पिठाची कणीक तेल-तुपाचा हात लावून इतकी तिंबतात, की तिला ओढले तर तुटण्याऐवजी ती ताणते. खवा, पिठीसाखर, वेलदोडा, खसखस यांचे सारण भरून पोळी लाटली जाते. मग लाटणे बाजूला राहते. मांडे करणारी बाई पोळी दोन्ही हातांच्या पाठीवर घेते, फिरवते, झेलते, आणि बघता बघता ती कोपरापर्यंत पसरते. पलीकडची भिंत दिसेल इतकी पातळ झाली, की ती तापलेल्या उपड्या कढईवर टाकायची, क्षणभरात उचलायची आणि गरम असतानाच घडी घालायची. एक श्वास उशीर झाला तर मांडा कडक होतो आणि घडी मोडते. ज्ञानदेवांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची कथा सगळा महाराष्ट्र ऐकतो, पण मांडे प्रत्यक्ष खाल्लेले लोक बेळगावबाहेर कमीच. इथे लग्नाच्या रुखवतात, डोहाळजेवणात ते हवेतच. खाताना मोडून दुधात घालतात, वर तूप. लग्नसराईत आलेल्या पाहुण्याने ओळख काढून एखाद्या घरी ते होताना पाहावेत. मिठाईच्या दुकानात मांडा मिळतो, ती हातचलाखी पाहायला मिळत नाही.

वेंगुर्ला रस्त्याने पश्चिमेला गेले, की शिनोळीजवळ महाराष्ट्राची हद्द लागते. भाषा तीच राहते, फक्त वळण बदलते. चंदगडी बोलीत कोकणीचा हेल आहे आणि कानडीचे शब्द. देवरवाडीचे वैजनाथ आणि त्यावरचा महिपाळगड बेळगावच्या गिर्यारोहकांचे पहिले गिरवणे आहे. महिपाळगडाच्या माथ्यावर तटाच्या आत नांदते गाव आहे. ताम्रपर्णीच्या काठचे कोवाड हे ‘स्वामी’कार रणजित देसाई यांचे गाव. पुढे जंगमहट्टी, जांबरे, फाटकवाडी अशी छोटी-मोठी धरणे डोंगरांच्या कुशीत बसली आहेत. त्यांतले फाटकवाडीचे धरण घटप्रभेवरचे. सह्याद्रीला टेकून असल्याने ही धरणे लवकर भरतात आणि सांडव्यावरून पाणी सुटल्याची बातमी कोल्हापुरात पोहोचली, की खालच्या गावांना पावसाळा मार्गी लागल्याची खूण पटते.

तालुक्याच्या टोकाला तिलारीनगर. इथे पठार संपते आणि कडा सुरू होतो. इकडची घटप्रभा पूर्वेला वळून शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते, तर तिलारी कड्यावरून खाली उतरून गोव्यातून अरबी समुद्राला. पठारावर अडवलेले पाणी कड्याखाली सोडून कोनाळकट्ट्याच्या वीजघरात ६६ मेगावॅट वीज तयार होते. स्वप्नवेल पॉइंटवरून खालची दरी आणि दूरचा कोकण दिसतो; पावसाळ्यात मात्र तिथे धुके एवढेच दृश्य असू शकते, आणि तासभर थांबूनही ते हलेलच असे नाही. जवळच पारगड. तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा यांच्याकडे शिवाजी महाराजांनी या गडाची किल्लेदारी दिली आणि मालुसऱ्यांचे वंशज आजही गडाशी नाते राखून आहेत.

या जंगलात गवा सर्रास दिसतो. २०००च्या दशकाच्या सुरुवातीपासून दांडेली-खानापूरच्या बाजूने आलेले रानटी हत्तीही इथे वावरतात. त्यांनी ऊस, केळी आणि भाताची नासाडी केलेल्या शेतकऱ्यापुढे हत्तीचे कौतुक करू नये. संध्याकाळनंतर घाटरस्त्याला थांबू नये, हा स्थानिकांचा सल्ला मोडण्यात शहाणपण नाही.

चंदगडच्या जेवणात पाऊस थेट ताटात उतरतो. पहिल्या सरींनंतर भाताच्या बांधावर रात्री बत्त्या फिरू लागतात, त्या खेकडे धरणाऱ्यांच्या. खेकडे ठेचून, गाळून, त्या पाण्यात ओले खोबरे आणि लाल तिखट घालून केलेला रस्सा तांदळाच्या भाकरीबरोबर खातात. सर्दी-पडशावर औषध म्हणूनही तो देतात, आणि औषध दुसऱ्यांदा मागितले जाते. श्रावणाआधी रानात आळंबी उगवते. मार्च-एप्रिलात ओल्या काजूगरांची उसळ. काजू हे तर या तालुक्याचे नगदी पीक. चंदगडात काजू फोडण्याचे कारखाने आहेत आणि बिया कुठून आणल्या यावर भाव ठरतो. शेजारच्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बारीक, सुवासिक, मऊ शिजणारा हा तांदूळ नुसत्या तूप-मेतकुटाशीही जातो.

किटवाडचे धरण आणि त्याखालचा धबधबा याच भागातले, बेळगावपासून तासाभराच्या अंतरावर. फोटोंमुळे तो अलीकडे फार प्रसिद्ध झाला. नोव्हेंबर २०२२मध्ये बेळगावच्या चार मुली इथे पाण्यात पडून बुडाल्या. पावसाळा संपलेला होता, पूर नव्हता; खडक शेवाळलेले होते आणि खाली डोह खोल होता. इथल्या बहुतेक धबधब्यांजवळ कठडे नाहीत, जीवरक्षक नाहीत आणि मोबाइलला रेंजही नसते. धबधबा समोरून पाहावा. त्याच्या माथ्यावर जाऊन पाहण्यासारखे काही नसते.

बेळगावच्या उत्तरेला पुणे–बंगळूर महामार्ग मार्कंडेय ओलांडतो. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे माहेर काकती इथेच. या नदीकाठच्या गावांची भाजी गोव्याच्या बाजारात जाते आणि पणजीच्या हॉटेलातला कोबी बहुधा बेळगावचा असतो. मार्कंडेय पुढे शिरूरला पुन्हा अडवली आहे आणि त्याहीपुढे गोडचिनमलकीला दोन टप्प्यांत कोसळते. गोकाकपेक्षा हा धबधबा कमी गर्दीचा. शेवटचा थोडा रस्ता खराब असतो, ही त्याची राखणच म्हणायची.

हिडकल हे या पट्ट्यातले सगळ्यांत मोठे पाणी. हुक्केरी तालुक्यात घटप्रभेवर बांधलेल्या या धरणाचे अधिकृत नाव राजा लखमगौडा जलाशय. वंटमुरीच्या सरदेसाई घराण्यातल्या लखमगौडांचे हे नाव बेळगावच्या विधी महाविद्यालयालाही आहे. साठवण ५१ टीएमसी, म्हणजे ५१ अब्ज घनफूट. कोयनेच्या जवळजवळ निम्मी. पूर्ण पातळी २,१७५ फूट. राकसकोपपेक्षा बरोबर तीनशे फूट खाली, आणि या तीनशे फुटांत सगळा मुलूख पालटतो. इथे डोंगर बोडके, झाडी विरळ, आभाळ मोठे. उन्हाळ्यात पाणी मागे सरले, की तळाची भेगाळलेली जमीन उघडी पडते आणि बुडालेल्या हुन्नूर गावचे विठ्ठल मंदिर वर येते. मग दोन्ही भाषांचे भाविक गाड्या करून दर्शनाला जातात. पहिल्या पावसानंतर विठोबा पुन्हा पाण्यात. ज्यांची घरे त्याच पाण्याखाली गेली त्यांच्यासाठी ही सहल नसते. ओसरीची जागा कुठे होती, विहीर कुठे होती, हे त्यांतली म्हातारी माणसे नातवंडांना बोटाने दाखवतात.

हिडकलचे पाणी नदीने धूपदाळला येते. तिथला बंधारा १८९७चा, ब्रिटिश अमदानीत कालव्यासाठी बांधलेला. त्याच्या फुगवट्यावर घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत उत्तरेकडून कांड्या करकोचे आणि पांढरे करकोचे येतात. ते पाहायचे तर पहाटे पोहोचावे. उन्हे चढली, की थवे चरायला शेतांकडे निघून जातात. एरवी पाणकावळे, खंड्या, बगळे वर्षभर आहेतच.

धूपदाळच्या खाली गोकाकचा धबधबा. घटप्रभा इथे घोड्याच्या नालासारख्या कड्यावरून ५२ मीटर खाली उडी घेते. जुलै ते सप्टेंबरात पाणी गढूळ तांबूस असते आणि गर्जना गावात ऐकू येते. मार्चमध्ये तिथेच नुसता काळा कातळ दिसतो. फोटो पाहून उन्हाळ्यात गेलेले लोक नदीला शिव्या देत परततात. काठावर चालुक्य धाटणीचे महालिंगेश्वराचे देऊळ आहे आणि नदीवर सुमारे २०० मीटर लांबीचा झुलता पूल. पूल प्रत्येक वेळी लोकांना खुला असतोच असे नाही. पलीकडची सूतगिरणी १८८०च्या दशकातली. १८८७मध्ये या धबधब्यावर वीज तयार करण्यात आली, ती देशातल्या अगदी सुरुवातीच्या जलविद्युत प्रयोगांपैकी.

गोकाकच्या करदंटाला हाच गिरणीचा आणि कष्टाचा मुलूख शोभतो. तुपात तळलेला डिंक, गूळ, सुके खोबरे, काजू, बदाम, खारीक, खसखस. गोडापेक्षा खुराक म्हणूनच तो ओळखला जातो. बाळंतिणीला देतात, पैलवानही खातात. एका वडीत भूक भागते, म्हणून चढाईला जाणाऱ्याने खिशात ठेवावा. या भागातली लिंगायत खानावळ चुकवू नये. ताटात पापडासारखी पातळ कडक किंवा ऊन मऊ ज्वारीची भाकरी, शेंगदाणा-तिळाच्या कुटाने भरलेली वांगी, म्हणजे एण्णेगाई, हुलगा किंवा मटकीची मोडाची उसळ, शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची अशा तीन चटण्या, लाल मिरचीचा रंजका, कांदा, काकडी आणि वाटीभर घट्ट दही. शेवटी शेंगदाण्याची पोळी असली तर दिवस सार्थकी लागला. वाढणारा कानडीत विचारतो, जेवणारा मराठीत उत्तरतो आणि भाकरी ताटात पडते.

संकेश्वर ओलांडून निपाणीकडे जाताना चव पुन्हा पालटते. संकेश्वरी मिरचीशिवाय या मुलखाचे तिखट पुरे होत नाही. उन्हाळ्यात बाया ती भाजून, कांदा-लसूण-खोबऱ्याबरोबर कांडून वर्षाची चटणी करतात. तवंदीचा घाट आणि त्याच्या कुशीतले स्तवनिधीचे जैन क्षेत्र मागे टाकले, की निपाणी दिसते. गाव तंबाखूचे. काळ्या रानातली तंबाखू आणि घरोघरच्या विडी वळणाऱ्या बायका यांवर त्याची बाजारपेठ उभी राहिली. १९८१मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी इथेच महामार्ग रोखला होता. त्या एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. निपाणीचे देवचंद महाविद्यालय शहराला लागून असले, तरी अर्जुननगर म्हणून कागल तालुक्यात, महाराष्ट्रात आहे. पोरे कर्नाटकातून निघून महाराष्ट्रात शिकून डबा खायला घरी परततात.

निपाणीचे तळे म्हणजे जवाहर तलाव. शहराच्या पाण्याची भिस्त बरीचशी त्यावर आणि वेदगंगेवर. तो सांडव्यावरून वाहू लागला, की गावाला दुसरी दिवाळी. पावसाचा अंदाज सांगणारी आणखी एक यंत्रणा इथे आहे. जवळच्या आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाच्या यात्रेत भाकणूक होते. पाऊसपाणी, पिके, गुळाचे भाव, राजकारण सगळ्याचे भाकीत ऐकायला दोन्ही राज्यांतून गर्दी लोटते आणि दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रांत छापून येते.

जेवण इथे कोल्हापुरी घरचे. मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, ज्वारीची भाकरी. पांढरा आधी प्यायचा असतो, भातावर ओतून त्याची खीर करायची नसते. शाकाहारी माणसाला खर्डा, झुणका, आमटी. थंडीत गुऱ्हाळे पेटतात तेव्हा काहिलीतून काढलेली गरम काकवी भाकरीशी मिळाली, तर हॉटेलाकडे वळू नये.

बेळगावला रेल्वे आणि सांबऱ्याचा विमानतळ आहे. निपाणी महामार्गावरच, कोल्हापूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर. पश्चिमेची धरणे आणि गोकाक जुलै ते सप्टेंबर, पक्षी थंडीत, हुन्नूरचा विठ्ठल एप्रिल-मेमध्ये. सगळे एका फेरीत पाहण्याचा हट्ट धरला, तर यांपैकी एक कोरडे नक्की भेटते. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा सीमावाद सर्वोच्च न्यायालयात आहे. तो तापला, की दोन्ही राज्यांच्या बस हद्दीवर थांबतात. निघण्याआधी त्या दिवसाची चौकशी करावी. बसच्या पाट्या बहुधा कानडीत असतात. मराठी माणसाचे बोलणे कुठेही अडत नाही, पण कानडी आकडे तेवढे ओळखायला शिकून जावे.